ज्याची जागा, त्याची वस्तू

“विहीणबाई, जागा सोडू नका,” एवढं मला बजावून आमच्या विहीणबाई अनवाणीच विमानाच्या शिडीवरून खाली धावल्या. खाली शिडीच्या पायथ्याशी त्यांचे यजमान पडले होते. मे महिना, सकाळचे साडेदहा, लखनौचं ऊन. खालच्या डांबरावर पापड भाजून निघाला असता. मी खिडकीकडून मधल्या जागेवर सरकले, डावा हात खिडकीच्या जागेवर ठेवला आणि उजवा हात कडेच्या जागेवर, जी व्याह्यांसाठी धरलेली होती. त्या जागेवर त्यांची छोटी तपकिरी पिशवी होती. तिच्यावर हात दाबून मी बसले, आणि जो कोणी जवळ येईल त्याला म्हणत राहिले, “खाली नहीं है, खाली नहीं है.” जन्मभर मी ज्या गोष्टीवरून विहीणबाईंना नावं ठेवली, तीच मी त्या वेळी करत होते, आणि त्यांच्यापेक्षा जास्त जोराने.

जागा धरण्यात विहीणबाईंचा हात धरील अशी बाई मी गोमतीच्या या काठाला पाहिली नाही आणि त्या काठालाही पाहिली नाही. बँकेतलं बाकडं असो, लग्नातली पंगत असो, इस्पितळाच्या बाहेरची लोखंडी खुर्ची असो, त्या सगळ्यांच्या आधी हजर. एकदा बसल्या की चपला काढून दोन्ही पाय वर घ्यायच्या आणि मांडी ठोकून बसायच्या, म्हणजे कोणी “जरा सरका” म्हणायला नको. पण त्यांना घुसखोर म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांचे नियम होते. पहिला नियम, ज्याची जागा त्याचीच वस्तू. स्वतःचा रुमाल टाकून दुसऱ्याची जागा धरणं ही त्यांच्या मते चोरी. दुसरा नियम, धरणाऱ्याने उठायचं नाही. उठायचंच झालं तर दुसऱ्याला बसवून उठायचं. आणि तिसरा, नाटकाचा पडदा उघडला की वस्तू उचलायची. आला नाही त्याची जागा उभ्या असलेल्या माणसाची. हे नियम त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्यांनी ते केले आणि पाळले. सरकार असं वागलं असतं तर बरं झालं असतं.

मुलांच्या लग्नाच्या आधीपासून आमची लखनौच्या मराठी मंडळातली ओळख, आणि पहिल्या नियमामुळे मंडळाच्या गणपतीत नाटक असलं की आदल्या दिवशी त्या महानगर नावाच्या त्यांच्या वस्तीतून आमच्या अलीगंजला यायच्या आणि घरातल्या प्रत्येकाची एकेक वस्तू मागून न्यायच्या. माझं चष्म्याचं घर, मुलाची टोपी. आमचे हे तेव्हा होते, रेल्वेत होते, आणि त्यांना वस्तू द्यायचा कंटाळा. एकदा त्यांनी चिडून कंगवा दिला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेत खुर्चीवर कंगवा. एक जाडजूड गृहस्थ येऊन म्हणाले, “अरे, कंघी से कोई सीट रोकता है?” विहीणबाई मांडी न मोडता म्हणाल्या, “कंघी नहीं रोक रही, कंघीवाले आ रहे हैं.” आमचे हे आले, खुर्चीवरचा कंगवा उचलला, सगळ्यांसमोर भांग पाडला आणि बसले. त्या दिवसापासून त्यांचं विहीणबाईंशी जमलं. माझं जमायला वेळ लागला.

त्याला कारण मुलाचं लग्न. निशातगंजला एका हॉलमध्ये लग्न होतं, पंगत मांडलेली. विहीणबाई मुलीची आई असून कंबर कसून सगळ्यांच्या जागा धरत फिरत होत्या. माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “विहीणबाई, तुमची काहीतरी वस्तू द्या.” मी मुलाची आई. मी म्हटलं, “माझ्या जागेला वस्तू कशाला लागते? मी वरमाय आहे.” त्या “बरं” म्हणाल्या आणि गेल्या. मी गेले तर सगळी पंगत भरलेली. कुठे पंखा, कुठे पिशवी, कुठे काठी, आणि माझ्यासाठी काही नाही. मुलाच्या लग्नात मी दुसऱ्या पंगतीला जेवले, गार मसालेभातावर. दोन वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांच्या हिशेबी चूक माझी होती. आता विचार करते तर माझीच होती.

व्याही अगदी उलटे. मोठ्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, अंगाने काटकुळे, आवाज असा की शेजारच्यालाही पुन्हा विचारावं लागे. चाळीस वर्षं लखनौत राहून या गावाचं ‘पहले आप’ त्यांनी सगळं घेतलं होतं. दारातून आत जायचं तर आधी सगळ्यांना जाऊ द्यायचे, मग स्वतः. रांगेत उभे राहिले की मागचे सगळे पुढे. विहीणबाई निशातगंजच्या बाजारातून ई-रिक्षात बसायच्या आणि यजमानांसाठी शेजारची जागा धरायच्या. रिक्षावाला ओरडायचा, “माताजी, सवारी कहाँ है?” “सवारी सब्जी ले रही है, भैया, दो मिनट.” सवारी भोपळा घेऊन यायची आणि तेवढ्यात कोणी पोर कडेवर घेतलेली बाई दिसली की तिला त्या जागेवर बसवायची. एकदा तर भोपळाही तिच्या पायाशी ठेवला आणि रिक्षाच्या मागे चालत महानगरला आले. भोपळा त्या बाईबरोबर गेला. विहीणबाई घरी येऊन मला फोनवर म्हणाल्या, “मी जागा धरते आणि हे वाटतात. माझा जन्म धरण्यात गेला.”

दोन वर्षांपूर्वी व्याह्यांचं हृदय थकलं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. पुण्याला माझा मुलगा आणि सूनबाई, म्हणजे त्यांची लेक, असतात, तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. विहीणबाईंना एकटीला न्यायची भीती वाटत होती, म्हणून मी बरोबर निघाले. गोळ्या, डॉक्टरांचे कागद आणि चष्मा ठेवायला विहीणबाईंनी त्यांच्याच जुन्या पँटच्या कापडाची चेनची पिशवी शिवली होती. “ही गळ्यात ठेवायची, अंघोळीलाच काढायची,” असा हुकूम होता.

मुलाने विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. ती आलीही. व्याह्यांनी ती एका म्हातारीला देऊन टाकली. मी म्हटलं, “भाऊसाहेब, हे काय?” तर म्हणाले, “त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं आहे हो. माझं फक्त हृदयाचं आहे.”

तेवढ्यात गेटवरची मुलगी माईकवर बोलली. ठरलेलं विमान बिघडलं होतं, दुसरं छोटं आलं होतं, त्यात पासवरचे नंबर चालणार नव्हते. “जहाँ सीट मिले, बैठ जाइए.” सगळीकडे एकच गलका झाला. लोक बॅगा ओढत दाराशी गोळा झाले, आणि विहीणबाईंच्या तोंडावर मी तरुणपणीही पाहिला नव्हता असा उजेड आला. “विमानातसुद्धा असं असतं? मग आपल्याला काय भीती! मी पुढची जागा धरते. यांना आत जास्त चालायला नको.”

विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये त्यांनी माझी पाण्याची बाटली घेतली. मग यजमानांकडे वळल्या. “अहो, तुमची वस्तू द्या.”

“काय देऊ?”

“काहीही. ती पिशवी द्या.”

व्याह्यांनी गळ्यातली पिशवी काढून दिली. मी समोर उभी होते. पिशवीत काय आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि तिघांपैकी एकालाही त्या क्षणी आठवलं नाही. बस थांबली. उतरता उतरता विहीणबाई मला म्हणाल्या, “तुम्ही यांच्याबरोबर या. यांना सोडू नका.” आणि या वयात, साडीचा घोळ मुठीत धरून, त्या शिडी चढून गेल्यासुद्धा.

शिडीशी गर्दी होती. व्याही कडेला उभे राहून एकेकाला पुढे जाऊ देत होते. “जाइए, जाइए, आप चलिए.” माझे पाय भाजत होते. मी म्हटलं, “चला भाऊसाहेब.” ते म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, विहीणबाई. मी आलोच. ऊन फार आहे.” मी गेले. मला सांगितलेलं होतं की सोडू नका, तरी मी गेले, कारण मला बसायचं होतं. याला दुसरं कारण नाही.

आत विहीणबाई दुसऱ्या रांगेत मधल्या जागेवर मांडी घालून बसल्या होत्या. चपला खाली, खिडकीकडे माझी बाटली, कडेला ती पिशवी. निळ्या शर्टातला एक तरुण त्यांच्याशी वाद घालत होता.

“आंटी, ये फ्लाइट है, बारात नहीं है. जो आ गया वो बैठेगा.”

“आदमी आ रहा है, बेटा. बीमार है.”

“कहाँ है आदमी? आधे घंटे से आ रहा है!”

“झूठ मत बोलो, पाँच मिनट हुए हैं. दरवाज़ा बंद होगा तो मैं ख़ुद उठाकर दूँगी तुमको.” मग मला बघून म्हणाल्या, “हे कुठे आहेत?” मी म्हटलं, “येतायत.” आणि खिडकीशी जाऊन बाटली उचलून बसले.

दाराशी उभ्या असलेल्या हवाई सुंदरीने विचारलं, “नीचे एक अंकल गिर गए हैं, किसके साथ हैं?”

विहीणबाईंनी पाय खाली सोडले. त्यांना माहीत होतं. तरी उठताना नियम मोडला नाही. मला बसवून उठल्या. मी वर सांगितलं ते तेव्हाचं. मी दोन्ही हात पसरून बसले होते. निळ्या शर्टातला तरुण अजून तिथेच उभा होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग माझ्या तळहाताखाली पिशवीत काहीतरी कुरकुरलं. गोळ्यांच्या पाकिटाचा तो आवाज मी ओळखला. मी जागा धरून बसले होते, आणि माणूस ज्या गोळीवर जगायचा ती माझ्या हाताखाली होती.

मी पिशवी त्या तरुणाच्या छातीवर फेकली आणि म्हटलं, “दवा है, भागो.” तो पळाला. चांगला पळाला. पण परत आला तेव्हा हळू आला, आणि पिशवीची चेन तशीच बंद होती. त्याने आमच्या बॅगा वरून काढल्या, वाकून विहीणबाईंच्या चपला उचलून माझ्या बॅगेत टाकल्या आणि माझा दंड धरून मला शिडी उतरवली. विमान मग उशिराने गेलं. आमच्या तीन जागांवर कोण बसलं ते मला माहीत नाही.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, गोळी असती तरी फरक पडला नसता. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं.

त्यानंतर विहीणबाईंनी कुठेच जागा धरली नाही. बँकेत गेल्या तर भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. पुण्याहून लेक न्यायला आली, गेल्या नाहीत. मी दर बुधवारी जायचे, चहा घ्यायचे, निघायचे. त्या दिवसाचं आम्ही कोणी बोललो नाही. मीच काढत नव्हते. “तुम्हाला सोडू नका म्हटलं होतं ना?” असं त्या विचारतील म्हणून.

यंदा गणपतीत मंडळाचं नाटक होतं. त्या येते म्हणाल्या, पण वेळेआधी येणार नाहीत हे मला माहीत होतं. मी दोन तास आधी गेले. तिसरी रांग, कडेच्या दोन खुर्च्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांची वस्तू ठेवायला हवी. माझ्याकडे त्यांची एकच वस्तू होती, त्या दिवशी माझ्या बॅगेत राहून गेलेल्या चपला. मी त्या धुऊन ठेवल्या होत्या. खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवल्या. येणारे-जाणारे बघत होते. मंडळाची चिटणीस म्हणाली, “मावशी, खुर्चीवर चपला?” मी म्हटलं, “चपलेची मालकीण येतेय. पडद्यापर्यंत थांब.”

दुसरी घंटा झाली तेव्हा विहीणबाई आल्या. खुर्चीवरच्या आपल्या चपला ओळखल्या. मग त्या उचलून खाली ठेवल्या आणि बसल्या. पाय वर घेतले नाहीत.

मी म्हटलं, “विहीणबाई, त्यांनी मला पुढे व्हा म्हटलं आणि मी झाले. थांबायला हवं होतं.”

त्या समोर बघत म्हणाल्या, “मलाही चाळीस वर्षं पुढेच पाठवत होते. लोकांना वाटायचं मी घुसते.”

“आणि ती पिशवी...”

“ती मी मागून घेतली. ते तुमचं नाही, माझं आहे.” मग म्हणाल्या, “गप्प बसा आता, पडदा उघडतोय.”

पुण्याला जायला आम्ही तिघं निघालो होतो. त्यातल्या आम्ही दोघी आहोत.