टाकीतलं पाणी पावसाचं नव्हतं

मंगळवार, ऑक्टोबरची अखेर. किती महिन्यांनी लिहितेय, माफ करा.

लातूरला आमच्या ऑफिसच्या इमारतीखाली मोठी टाकी आहे. पावसाचं पाणी साठवून बागेला वापरायचं म्हणून बांधलेली. गच्चीचा पाइप तिला कधी जोडलाच नाही. यंदाचा सगळा पाऊस रस्त्यावरून वाहून गेला.

आज दुपारी टाकीची तपासणी होती. म्हणून इमारतीच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी सकाळी पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवून ती भरून घेतली.

झाडलोट करणाऱ्या शोभाताई घागर घेऊन आल्या. "सायेब, आमच्याकडं नळ आला न्हाई. टँकरातल्या दोन घागरी घेऊ का?"

"आज नको बाई," अध्यक्ष म्हणाले. "टाकी काठोकाठ दिसली पाहिजे."

"बरं हाय. पुढच्या जन्मी तुमच्या बागेत गवत होऊन येते," म्हणत त्या रिकामी घागर घेऊन गेल्या.

तपासणीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही सचिव ना? हे सगळं पावसाचंच पाणी ना?"

मी हो म्हणाले. टाकीशेजारी काढलेल्या फोटोतही हसले.

मला कुणी दटावलं नव्हतं, नोकरीचीही भीती नव्हती. मग हो का म्हणाले? तुम्ही काय म्हणाला असता?

उद्या: त्या साहेबांना फोन करून टाकीत टँकरचं पाणी होतं हे सांगणे.