हौदातलं पाणी

सोसायटीची टाकी धुतली की ब्लीचिंगचा वास जिन्यात भरतो आणि मला हडपसरच्या पलीकडचा तो कापड रंगवण्याचा कारखाना आठवतो. तिथलं सांडपाणी विजेने साफ करायचं काम माझ्याकडे होतं. आधी टाकीत लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या होत्या. त्या खराब झाल्यावर मालकांनी साधे लोखंडी पत्रे बसवले. वीज सोडली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं, हे मला ठाऊक होतं, तरी पाणी बाहेर सोडायला योग्य असल्याची सही मी रोज करत राहिलो. एका दुपारी शेजारचा शेतकरी बायकोला घेऊन आत आला. त्यांच्या विहिरीत तांबडं पाणी येऊ लागलं होतं. "सायब, ह्ये पानी चांगलं हाय का?" बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या हौदाकडे बोट दाखवत त्याने शांतपणे विचारलं. मी सवयीने हो म्हणालो. त्याने माझी मानगूट धरली, तोंड हौदाच्या कठड्यावर आपटलं आणि डोकं पाण्यात दाबलं. "मग पी." मी वर आलो की तो पुन्हा दाबायचा. तोंडात गंज आणि रक्त यांची चव वेगळी कळेना. मालक केबिनच्या काचेआडून बघत होते. शेवटी बायकोने त्याचा हात ओढला. "सोडा आता, मरंल त्यो." पोलीस आले तेव्हा मी तक्रार दिली नाही, पण पत्र्यांबद्दलही बोललो नाही. आता मुलगी माझ्या तुटक्या दातांबद्दल विचारते, तेव्हा पाय घसरला होता असं मी सांगतो.