बंदर ते बाजार, पायी

माझा धंदा चष्म्यांचा आहे. माणसाला जे दिसतं त्यातलं बरंचसं चुकीचं दिसतं आणि काचेचा नंबर बदलला की ते सरळ होतं, यावर माझं घर चालतं. त्यामुळे कुणी "मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं" असं म्हणालं की माझ्या मनात आधी त्या डोळ्यांबद्दलच शंका येते. भूत, सावली, बाधा यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. इथे लोकांनी लिहिलेले असे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि बहुतेकांना मनातल्या मनात उत्तरंही देतोय. पण माझ्याच घरातल्या एका गोष्टीचं उत्तर मला सापडलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही डहाणू रोडला राहतो. स्टेशनच्या पश्चिमेला, ऐन बाजारात. खाली माझं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर घर. ज्यांना शांतता लागते त्यांनी या गल्लीत येऊ नये. सकाळी दुधाच्या कॅनपासून जे सुरू होतं ते शेवटचं शटर पडेपर्यंत चालू असतं. चिकूच्या पेट्या उतरवणारे टेम्पो, पाड्यांवरून रानभाजी घेऊन आलेल्या बायका, रिक्षावाल्यांची भांडणं, समोरच्या जसुभाईंच्या फरसाणच्या दुकानातला तेलाचा वास... मराठी, गुजराती, हिंदी सगळं एकाच वाक्यात बोललं जातं. इथे कुणाचं काही लपत नाही. तुम्ही खोकलात तरी संध्याकाळपर्यंत चार जण औषध सुचवतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते कुठल्या ओसाड जागी झालेलं नाही. भर दिवसा, भर गर्दीत झालं.

माझी बायको नंदा. तिचं माहेर तलासरी तालुक्यातलं झरी. लग्न होऊन आली तेव्हा या गोंगाटाने तिचं डोकं दुखायचं, नंतर तिला त्याच्याशिवाय करमेना. गल्लीतल्या प्रत्येकाला ती नावानिशी ओळखायची.

२०१६ च्या गणपतीत आमच्या बिल्डिंगचा गणपती नेहमीप्रमाणे खाडीवर, बंदराकडे विसर्जनाला नेला होता. पाणी ओसरत होतं, पायऱ्यांवर शेवाळ होतं. नंदाचा पाय सरकला आणि ती पाठीवर आपटली. तिथून तिला उचलून थेट वापीच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. मणक्याला मार होता. तिच्या अंगावर जांभळी साडी होती. ती अंगावरच कात्रीने कापून काढावी लागली आणि तिथेच टाकून दिली. हेही लक्षात ठेवा.

मणका हळूहळू भरून आला. पण नंदा उभी राहिना. पाय हलायचे, चिमटा काढला तर कळायचा, पण तिला उभं केलं की कपड्याच्या घडीसारखी खाली बसायची. पुन्हा एमआरआय केला. डॉक्टर म्हणाले, यात आता काही दिसत नाही, पेशंटने चालायला हवं. मग ते जरा घुटमळत म्हणाले की कधीकधी शरीर बरं होतं आणि मेंदूला ते कळायचं राहून जातं. फिजिओथेरपी चालू ठेवा.

ती चालू ठेवली. सकाळी एक बाई यायच्या, बाकी सगळं मी करायचो. अंघोळ, कूस बदलणं, तेल लावणं. मुलगी नर्सिंगला सुरतेला होती, तिला मीच परत पाठवलं. नंदा बोलायची, पण कमी. खिडकीतून बाजाराचा आवाज येत असायचा आणि तिचं त्याकडे लक्ष नसायचं. ती घरात असून नसल्यासारखी होती. हे मी तेव्हा सहज म्हणायचो, जसं आपण म्हणतो तसं.

दिवाळीनंतर हरेश नावाचा एक रिक्षावाला दुकानाशी थांबला. म्हणाला, वहिनी बऱ्या झाल्या वाटतं, आज किल्ल्याजवळ दिसल्या. बंदराकडून येत होत्या, भिंतीला हात लावत हळूहळू चालत होत्या. "मी हाक मारली, बघितलं नाही त्यांनी," म्हणाला. मी हसलो, म्हणालो दुसरी कुणी असेल. तो म्हणाला, असेल. तेवढ्यावर विषय संपला.

त्यानंतर अधूनमधून कुणीतरी सांगायचंच. डहाणू गावात दिसल्या. पुढे गावाबाहेर रस्त्याला दिसल्या. संक्रांतीच्या सुमारास जसुभाई त्याच वाटेवरच्या मसोलीला भाच्याकडे गेले होते. परत आले ते दुकानात न जाता रस्ता ओलांडून माझ्याकडेच आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "भाभी सारां थई गयां ने?" वहिनी बऱ्या झाल्या ना, असं. त्यांचा चेहरा खरोखर आनंदलेला होता. मी म्हटलं, जसुभाई, ती वर झोपलीय, चला दाखवतो. ते वर आले. नंदाला बघितलं, नमस्कार केला, चहासुद्धा न घेता उतरले. खाली येऊन मला एवढंच विचारलं की वहिनींकडे जांभळी साडी आहे का.

मी म्हटलं, होती.

जसुभाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्याने अजून धूसर दिसतं, हे मलाच ठाऊक. हरेशला चष्मा लागलेला आहे पण तो घालत नाही. म्हणजे माझ्याकडे कारणं होती. शिवाय एकदा एकाने काही सांगितलं की दुसऱ्याला तेच दिसतं. बाजारात अफवा अशीच चालते.

फक्त एक गोष्ट खटकत होती. अफवेला दिशा नसते, आणि हिला होती. प्रत्येक वेळी ती बाई आधीपेक्षा आमच्या घराच्या जवळ दिसत होती. एकदाही उलट नाही.

नंदाला हे कळू नये म्हणून मी जपत होतो. पण या गल्लीत ते शक्य नव्हतं. सकाळच्या बाईंनी सांगितलं असावं. मला वाटलं ती घाबरेल. ती घाबरली नाही. उलट त्या दिवसापासून ती खिडकीकडे तोंड करून झोपायला लागली, आणि दिवसा दार उघडं ठेवा म्हणायला लागली.

चिंचणीहून रोज मासे घेऊन येणारी लक्ष्मीबाई आमच्या गल्लीत बसते. महाशिवरात्रीच्या पुढेमागे ती एके दुपारी टोपली तशीच सोडून दुकानात आली. वहिनींना इथे जवळच, इराणी रोडला पाहिलं म्हणाली. मी जरा वैतागूनच म्हटलं की बाई, तुमचे डोळे तपासून घ्या. तिला राग आला. म्हणाली, होडीवरचं निशाण मी किनाऱ्यावरून ओळखते, माझे डोळे काय तपासणार? आणि निघून गेली.

आता गल्लीतले लोक मला बघून आवाज खाली करायला लागले होते. दोन जणांनी चांगल्या मनाने भगताचे पत्ते दिले. झरीहून नंदाचा भाऊ दिनेश आला, त्यालाही कुठून तरी कळलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. ताईला काही दिवस झरीला नेतो, तिथे शांत आहे, मोकळी हवा आहे. आणि ते जे काही चालत येतंय त्याच्या वाटेतून तिला बाजूला काढू. शेवटचं वाक्य त्याने दुसरीकडे बघत म्हटलं. मी हो म्हणालो. माझा त्या गोष्टीवर विश्वास नव्हता, पण मी थकलो होतो हे खरं. गाडी सांगून ठेवली.

संध्याकाळी नंदाला सांगितलं. दिनेश कपड्यांची बॅग भरत होता. ती त्या बॅगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी नाही येत."

दिनेशने समजावलं. आईची आठवण काढली, रडला. तिने त्याचा हात धरून ठेवला, पण मान हलवत राहिली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "इतकी लांबून चालत येतेय ती. आता घराशी आल्यावर मी इथे नसले तर काय करायचं तिने?"

मी विचारलं, "ती म्हणजे कोण?"

"मी तिथं बंदरावरच राहिले होते ना," नंदा म्हणाली. "तुम्ही सगळे घाईत निघून गेलात."

तिचा आवाज शांत होता. तक्रारीचा सूर नव्हता. दिनेशने बॅग भरायची थांबवली. गाडी आम्ही परत पाठवली. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती त्या रस्त्यावरच्या बाईची नव्हती. माझ्या बायकोचं डोकं फिरतंय आणि मी ते होऊ देतोय, याची होती.

होळीच्या आदल्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. साखरेच्या गाठ्या, पिचकाऱ्या, नारळ, कुठेतरी ढोल चाललेला. दुपारची वेळ. लक्ष्मीबाई पुन्हा आली. अजून राग होताच. म्हणाली, "तपासा डोळे. नी सांगा मला दिसते का नाय." मी तिला खुर्चीत बसवलं, तपासायची फ्रेम चढवली, काचा बदलत गेलो. लांबचं तिला नंबराशिवायच स्वच्छ दिसत होतं. तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीतली सगळ्यात बारीक चिन्हं तिने न अडखळता दाखवली. मला फक्त जवळचा छोटा नंबर मिळाला. मी तिच्याकडे पाठ करून तो लिहीत होतो तेव्हा तिचा आवाज आला. हळूच म्हणाली.

"भाऊ, वहिनी वर चालल्या."

मी वळलो. ती काचेतून बाहेर, आमच्या जिन्याच्या तोंडाकडे बघत होती. मला जिना रिकामा दिसला. समोर जसुभाई झारा हातात धरून तसेच उभे होते आणि तेही तिकडेच बघत होते.

मी वर धावलो. जिना माझ्या पायाखालचा, रोजचा... पण तो संपत नव्हता असं वाटलं. दार उघडंच होतं. खाट रिकामी होती. नंदा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. अंगावर सकाळी मीच घातलेला गाऊन. जांभळं काही नाही. गॅसवर पातेलं होतं आणि ती डब्यांच्या फळीवर साखर शोधत होती, कारण तिच्या आजारपणात मी डबे हलवले होते.

"साखर कुठे ठेवलीत?" तिने विचारलं.

मी दाखवली. मग मी तिथेच खाली फरशीवर बसलो. त्यामुळे मला तिची पावलं जवळून दिसली. सहा महिने पडून राहिलेल्या माणसाचे तळवे मऊ होतात. मी रोज त्यांना तेल लावत होतो, त्या दिवशी सकाळीही लावलं होतं. टाचा तान्ह्या मुलासारख्या झाल्या होत्या. आता त्या टाचांना भेगा होत्या. उन्हातून अनवाणी खूप चाललेल्या माणसाच्या असतात तशा, आणि भेगांत धूळ बसलेली. मी हात लावून बघितलं. तिने पाय मागे घेतला आणि दुखतंय म्हणाली.

त्यानंतर कुणालाही ती बाई कुठेही दिसली नाही. नंदा दुसऱ्या दिवशी जिना उतरून होळीला आली. लोक आधी दोन पावलं मागे सरकले, मग जसुभाईंच्या बायकोने पुढे येऊन तिला कुंकू लावलं आणि सगळं सुरळीत झालं. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. असं अचानक होतं म्हणाले, त्याला नावही सांगितलं. मी ते मानतो. तिच्या उभं राहण्यापुरतं ते मला पुरतं. टाचांबद्दल मी त्यांना विचारलं नाही.

जसुभाईंचा डोळा, हरेशचा न घातलेला चष्मा, बाजारातली अफवा, हे सगळं एकत्र करून मी अनेकदा मांडून पाहिलंय. बरंचसं बसतं. लक्ष्मीबाई बसत नाही. टाचा बसत नाहीत. आज २०१९ संपत आलंय, तरी बसलेल्या नाहीत.

नंदाशी या विषयावर मी एकदाच बोललो, मागच्या वर्षी. तिला त्या महिन्यांतलं काय आठवतं ते विचारलं. खाट, फिजिओथेरपी, मुलीचं येऊन जाणं यातलं तिला काही आठवत नाही म्हणाली. रस्ता आठवतो. मसोलीला पाइपलाइनसाठी खणलं होतं, चरावर फळी टाकली होती, तिच्यावरून जायची भीती वाटली. तिथे कुणीतरी म्हातारीने हात दिला. रस्ता खणला होता हे खरं आहे, मी स्कूटरवरून जाताना तो चर पाहिला होता. कदाचित मीच तिला सांगितलं असेल. मला आठवत नाही.

मग मी तिला जे विचारलं ते विचारायला नको होतं असं आता वाटतं. मी म्हटलं, "तू रस्त्यावर होतीस, तर वर खाटेवर कोण होतं?"

ती मटार सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते मला काय माहीत? सहा महिने तिचं सगळं तुम्हीच केलंत."