फिरता सेट

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि आमच्या रेडिओ क्लबच्या वकीलसाहेबांनी स्पिरिटचा बोळा घेतला. आधी एक बाजू पुसली, मग दुसरी. मग मोर्सची पितळी कळ, जिच्यावर नुकतंच माझं बोट होतं. सगळं माझ्यासमोर. पुसून झाल्यावर हेडफोन प्राध्यापकांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला.

"साथ हाय गावात," वकीलसाहेब म्हणाले. "पाणी खराब हाय."

दुष्काळ होता, गॅस्ट्रो होता, खरं आहे. पण गॅस्ट्रो कानातून पसरतो हे मला त्या दिवशी कळलं. तोही फक्त माझ्याच कानातून. कारण प्राध्यापकांनंतर डॉक्टरच्या मुलाने हेडफोन घेतला, तेव्हा बोळा तिथेच पडून होता.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज कुठे ना कुठे नवी पाटी रंगत होती. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबनेही नावाआधी 'जिल्हा' लावून घेतलं. मी कॉलेजात फिजिक्सला. घरच्या रेडिओवर स्टेशनांच्या मधल्या खरखरीत टूं-टूं ऐकू यायचं. ती माणसंच बोलतात, आणि परवाना काढला तर आपणही बोलू शकतो, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. परीक्षा हैदराबादला. लेखी मला येत होतं. मोर्सची ती टूं-टूं लिपी मात्र रोज ऐकल्याशिवाय कानात बसत नाही.

क्लबकडे सरावाचा सेट एकच, आणि तो फिरता. दर सोमवारी एका सभासदाच्या घरून पुढच्याच्या घरी जायचा. सभासद मीही होते. माझा सोमवार कधी आलाच नाही. विचारलं की, "पुढच्या खेपेला." मला फक्त रविवारी वकीलसाहेबांच्या बैठकीत, चारचौघांसमोर थोडा वेळ कळ दाबायची मुभा.

बोळ्याच्या त्याच रविवारी वाद पेटला. परीक्षेबद्दल दिल्लीला निवेदन द्यायचं होतं. प्राध्यापक म्हणत, जमाना बदलला, मोर्स काढून टाका, पेपर मराठीत द्या. वकीलसाहेब म्हणत, परीक्षा कडकच पाहिजे, नाहीतर कुणीबी माईक धरून बसंल. मी मनातून प्राध्यापकांच्या बाजूची होते.

तेवढ्यात प्राध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडंच बघा की. इतके दिवस येतीय, अजून अक्षरं चुकतेत. ह्या लोकांच्या घरात हे कधी होतं का? त्यांच्यासाठी तरी सोपी करा."

वकीलसाहेब हसले. "सोपी केली की सगळे हेच येतेत, सर."

प्राध्यापकही हसले. झालं, भांडण मिटलं. एकाला मी दाराबाहेर हवी होते, दुसऱ्याला दया दाखवायला हवी होते. माझं कच्चं राहणं दोघांच्याही सोयीचं होतं.

परीक्षा सोपी करा म्हणणाऱ्या निवेदनासाठी हात वर करायला सांगितलं. प्राध्यापक म्हणाले, "कर की वर. तुझ्यासाठीच हाय."

मी उठले. "सर, परीक्षा अवघड न्हाई. सेट माझ्या घरी आला न्हाई. उद्या सोमवार हाय. उद्या पाठवा."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. अगदी मऊ आवाज. लेकीला समजवावं तसा. "पोरी, समजून घे. आमच्यात सेट आला की हळदकुंकू लावून देवघरापाशी ठेवतेत. तुमच्या वस्तीतून आलेला सेट आमच्या बाया घरात घेत न्हाईत."

बाया घेत नाहीत. साहेबांचं काही नाही! मी प्राध्यापकांकडे पाहिलं. जमाना बदलला म्हणणारे. ते निवेदनाचा कागद सरळ करत बसले.

"दिल्लीकडं सवलत मागता," मी म्हणाले. "सोमवार तुमच्या हातात हाय, तो देत न्हाईत. मी हात वर करणार न्हाई." आणि चप्पल घालून निघाले.

घरी दारावरच्या बेलचा बझर, टॉर्चचे सेल आणि एक बटण जोडलं. आवाज कसला, कर्कश घरघर. टँकरच्या रांगेतल्या बाया विचारायच्या, "काय गं, बेडकं पाळलीस व्हय घरात?" धाकटी बहीण दाबायची, मी ऐकायचे. मग मी दाबायचे, ती ऐकायची. हैदराबादची ती कडक परीक्षा मी मोर्ससकट पास झाले. बहीणही पुढच्या वेळी झाली.

परवाना आल्यावर, मी स्वतः जोडलेल्या सेटवर, एकदा हवेत म्हणजे रेडिओ लहरींवर वकीलसाहेबच भेटले. मोर्समध्ये. त्यांची खूण, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, मला पाठ; त्यांना माझी नवी. हात लई साफ आहे म्हणून त्यांनी कौतुक केलं, नाव विचारलं. मी नाव दिलं. आडनाव दिलं. रेल्वे रुळापलीकडची आमची वस्तीही दिली. पुढे नुसती खरखर.

आजही हा वाद चालतो. सोपी करा, कडक ठेवा. दोन्ही बाजूंना मी एकच विचारते, तुमचा सेट कुणाकुणाच्या घरी जातो? मग मंडळी घड्याळ बघतात.

परीक्षा सोपी करा म्हणून मी कुणापुढे हात पसरणार नाही. कडकपणाच्या आड लपणाऱ्यांनाही सोडणार नाही. हवेत भेटणाऱ्या प्रत्येकाला मी आधी आडनाव आणि वस्ती सांगते. कळ सोडून उठायचं असेल तर त्यांनी उठावं. मी उठणार नाही.