अकराचे पाहुणे साडेआठला

मी तीस वर्षं डिचोलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं आणि एकाही तासाला वेळेवर पोचलो नाही. पण 'लेट' आणि 'लेटली' यांतला फरक माझ्याइतका सोपा करून सांगणारा मास्तर अख्ख्या तालुक्यात नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो! 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे हल्ली. मास्तरच उशिरा आला की पहिल्या शब्दाचं उदाहरण मुलांना आपोआप मिळतं. (दुसऱ्याची मात्र तयारी करावी लागे.)

माझ्या या गुणामुळे घरात एक पद्धतच पडली होती. मला कुठलीही वेळ सांगायची ती आधीची. लग्न दहाचं असेल तर मला नऊ. मलाही हे ठाऊक असल्यामुळे मी नऊला दाढीला बसायचो आणि सगळं सुरळीत चालायचं.

मग माझ्या मुलीचं, प्राचीचं, स्थळ ठरायची वेळ आली. मुलगा केरीचा, सुदेश परब. प्राचीला तो मनापासून आवडला होता. आता आम्ही जाऊन घर बघायचं आणि वडिलांशी बोलणी करायची, एवढंच उरलं होतं. पण ते वडील! आयुष्यभर तेरेखोलची फेरीबोट चालवलेला माणूस. बोट मिनिटावर सोडायची, धावत येणाऱ्याला काठावरच टाटा.

मध्यस्थ म्हणजे माझा मेव्हणा, फोंड्याचा नंदा. त्याने फोनवरच धमकावलं, "भावोजी, आदीं एक स्थळ अर्दो तास उशिरा आयलें, तें परबांनी दारांतसून परत धाडलें!"

मी खरंच घाबरलो. माझ्या पायी पोरीचं लग्न मोडलं तर तोंड कुठे लपवणार? प्राचीने सांगितलं, "पप्पा, साडेआठ म्हणजे साडेआठ हां!" आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी सांगितलेली वेळ खरी मानली. पावणेसातला आमची गाडी डिचोलीच्या बाहेर! वाटेत भाजीपावसुद्धा खाल्ला नाही. बायको आणि मुलगी मागच्या सीटवर गप्प बसून होत्या. मला वाटलं, कौतुकाने.

बरोबर आठ पंचवीसला आम्ही परबांच्या अंगणात उतरलो. परब पंचा नेसून विहिरीवर. परबीणबाई मागच्या दारी बांगडे साफ करतायत. आणि नवरामुलगा अर्ध्या चड्डीत शिडीवर चढून आमच्याच स्वागतासाठी जळमटं काढतोय!

"आयल्यात?" परब ओरडले. "आतांच? अकरांची वेळ न्हय? म्हजी आंघोळ सुद्धां जावंक ना!"

मी बायकोकडे पाहिलं. बायको हळूच म्हणाली, "नंदाने मला दहा सांगितले. म्हणून मी प्राचीला नऊ सांगितले."

"म्हणून मी पप्पांना साडेआठ सांगितले," प्राची पुटपुटली.

"मग वाटेत तोंडं का नाही उघडली?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"खरी वेळ सांगितली असती तर तुम्ही म्हापशाला चहाला उतरला असता!" बायको कुजबुजली.

मी परत फिरायला निघालो, पण परबांनी अडवलं. "आयिल्ले सोयरे परत खंय वतात? बसात!" बसलो. सुदेश तोंड धुऊन समोर येऊन बसला. त्याने होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडावी म्हणून इंग्रजीत सुरुवात केली, "सर, यस्टरडे अवर बॉस केम लेटली."

संपलं! तीस वर्षांची सवय. मी कुठे आलोय, कशासाठी आलोय, सगळं विसरलो. कागद मागितला, परबांनी जुन्या कॅलेंडरचं पान दिलं. फरक समजावला, उदाहरणं दिली, पाच वाक्यं लिहायला लावली, तपासली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल सांगितला. "पाचापैकी एक. नापास!"

परब पंचाने डोकं पुसत दारात आले. "म्हजो झील नापास?"

प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथल्या तिथे निवृत्त व्हावंसं वाटलं, पण मी आधीच निवृत्त होतो. मी घाईघाईने वाढीव गुण द्यायला लागलो, तर सुदेश म्हणाला, "नका सर, चुकलेलंच आहे."

परबीणबाई पुन्हा बांगड्यांकडे वळल्या आणि मी अकरा वाजेपर्यंत ते कॅलेंडरचं पान घडी घालत-उलगडत बसलो. अकराच्या ठोक्याला नंदा आला. "उशीर तर ना जालो?" त्याने विचारलं.

परब घड्याळाकडे बघत म्हणाले, "तूं वेळार आयलो. पूण हे मास्तर अडीच तास आदीं आयले! पोरीखातीर इतलो वेळेचो पक्को बापूय म्हाका आनी खंय मेळटलो? इंग्लिशीचें कितें, झील परत परीक्षा दितलो. तोंड गोड करात!"

मी खोटं बोललो नाही. फक्त मान डोलावली आणि 'वेळ पाळावीच लागते' असं काहीतरी म्हणालो. बायकोला चहाचा ठसका लागला. पण प्राची डोळे पुसून हसली, आणि तेवढ्यावर मी केरीत वेळेचा पक्का माणूस म्हणून प्रसिद्ध झालो.

साखरपुडा आमच्याच घरी झाला. परब मंडळी ठरल्या मिनिटाला हजर. मला फक्त आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यायचं होतं. पंचवीस मिनिटं उशीर झाला.