मूठभर कोंड्याची लेक

म्हातारा अंगठा उठवायला तयार नव्हता, आणि आत आईच्या मांडीवर पोरीचा ताप चढतच चालला होता.

लढाईची वर्षं होती. सांगलीच्या एका मिशनच्या दवाखान्यात मी नर्स होते. मूळची वाईची. इंग्रजी बरं यायचं, म्हणून नर्सिंगच्या जोडीला दुभाष्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलेलं. आमचे सर्जन साहेब विलायतेचे. ‘कुठे दुखतं’ आणि ‘जीभ दाखवा’ एवढंच मराठी त्यांना येई. बाकी सगळं माझ्या तोंडून.

पोरीचं नाव तानी. सात वर्षांची असेल. माणदेशातली मेंढपाळ माणसं. तिकडे चारा नाही म्हणून कळप घेऊन कृष्णाकाठी उतरलेली. बाप पलटणीत, ब्रह्मदेशाकडे लढाईवर. संगती हा म्हातारा आजा आणि आई. तानीच्या आधीची दोन मुलं त्या माउलीने मातीआड केली होती. ही एवढीच उरलेली. दुखणं अपेंडिक्सचं. अपेंडिक्स म्हणजे आतड्याला लोंबणारी करंगळीएवढी शेपटी. ती सुजते, पिकते आणि फुटली की पोटभर पू होतो. त्या काळी फुटल्यावर फार थोडे वाचत. म्हणजे फुटायच्या आत कापायचं, आणि साहेबांच्या मते संध्याकाळपर्यंत थांबण्यातही अर्थ नव्हता.

पण ऑपरेशनआधी कन्सेंट लागे. कन्सेंट म्हणजे घरच्यांची लेखी कबुली. तो कागद कोर्टाच्या थाटातल्या इंग्रजीत. रोगी दगावल्यास, गुंतागुंत उद्भवल्यास, अशी नुसती ‘ल्यास’ची माळ. इंग्रजीची ही एक खोड आहे. जे घडलेलं नाही, कदाचित घडणारही नाही, ते आधी पुढ्यात मांडून ठेवायचं. कागदावर ते कोरडेपणी मांडतात, आणि रोजच्या बोलण्यात ‘मे’, ‘माइट’, ‘वुड’ असले मऊ शब्द लावून. आमचे साहेब चहासुद्धा सरळ मागत नसत. एक कप मिळू शकला असता तर बरं झालं असतं, अशा सुरात मागत. मला सवय झाली होती. मेंढरांमागे जन्म गेलेल्या म्हाताऱ्याला कुठली असायला?

मी तो कागद त्याला मराठीत वाचून दाखवू लागले. ‘दगावल्यास’पर्यंत आले आणि म्हातारा ताडकन उठला.

“शुभ बोला, बाई. वास्तू तथास्तु म्हनती. आसल्या वंगाळ बोलन्याखाली माजा अंगठा न्हाई उठायचा.”

मी परोपरीने सांगितलं. म्हटलं, बाबा, ही त्यांची बोलायची रीत आहे, कुणी वाईट चिंतत नाही. त्यावर त्याचं एकच म्हणणं. साहेबाने आपल्या तोंडाने ‘पोर जगंल’ म्हणावं, मग एक सोडून दोन्ही अंगठे घ्या. मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, शी मे, म्हणजे कदाचित. मी म्हटलं, साहेब, एकदा ‘विल’ म्हणा, तुमचं काय जातं? ते म्हणाले, मी सर्जन आहे, ज्योतिषी नाही.

एकाला मरण ऐकायचं नव्हतं, दुसऱ्याला जगण्याची हमी द्यायची नव्हती, आणि मधल्यामधे माझं भरीत. मरणाचं नाव काढून त्याला आत बोलवायचं नाही, ही आमची रीत. नाव घेऊन दारातच उभं केलं की त्याच्यावर नजर राहते, ही त्यांची. मला मेलीला दोन्ही पटायच्या, हीच तर पंचाईत. पण त्या घटकेला मला दोघांचाही भयंकर राग आला होता.

शेवटी साहेब ऑपरेशन थिएटरच्या दारात आले. हात साबणाने घासून धुतलेले, कोपरातून वर धरलेले, पाणी निथळतंय. म्हणाले, “इफ शी वेअर माय डॉटर, आय वुड हॅव हर ऑन द टेबल बाय नाउ.”

मी म्हाताऱ्याला सांगितलं, “बाबा, साहेब म्हणतात, ही माझी लेक असती तर एव्हाना टेबलावर घेतली असती.”

इंग्रजीत हे नुसतं बोलणं. ती माझी नाही, हे त्यातच कबूल असतं. तिकडचे डॉक्टर उठता-बसता म्हणत असतील. पण म्हातारा खाली बसला.

“साहेबाला लेक हाय का, बाई?”

मी विचारलं. मुलगे दोन, सातासमुद्रापलीकडे. लेक नाही.

“मग घ्या म्हनावं हिला. आमच्या हातात पोरं जगत न्हाईत. त्येंच्या हातात जगंल.”

मी चपापले. ज्या घरात मुलं वाचत नाहीत, तिथे मूल दुसऱ्याच्या ओटीत घालतात. घेणाऱ्याने मूठभर कोंडा द्यायचा. मूल त्याचं झालं, म्हणजे आधीच्या घरावरचं गंडांतर त्याला ओळखत नाही. पुढे तसाच कोंडा देऊन परत घ्यायचं. गावोगावचे कोंडीबा आणि कोंडाबाई यांची नावं अशीच पडलेली. हे सगळं मी साहेबांना दोन वाक्यांत सांगितलं. मिशनचे लोक असल्या गोष्टींना नाकं मुरडत. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी. साहेबांनी एवढंच विचारलं, हे लोक हे खरं धरतात का? मी म्हटलं, परत घेईपर्यंत ती तुमचीच.

दवाखान्याच्या गोठ्यात गाईसाठी कोंडा असे. मी धावत जाऊन पदरातून घेऊन आले. साहेबांनी धुतलेल्या हातांनी मूठ भरली, म्हाताऱ्याच्या ओंजळीत ओतली, आणि आईच्या मांडीवरून तानीला उचलून घेतलं.

मी कागद पुढे केला. म्हातारा म्हणाला, “आता माजा काय संबंद? लेक त्येंची, अंगठा त्येंचा.” थट्टा नव्हती ती. साहेबांनी पालकाच्या जागी सही ठोकली, नात्यापुढे ‘फादर’ लिहिलं आणि पुन्हा हात धुवायला गेले.

भुलीच्या ईथरवर पोर निजली. साहेबांनी सुरी घेतली आणि थांबले. हळूच म्हणाले, “सिस्टर, सर्जन आपल्या मुलाला कधी हात लावत नाही.” खरंच, त्यांच्या धंद्यातला दंडक आहे तो. मायेने हात चुकतो. म्हणजे मघाचं ‘माझी असती तर’ तितकंसं खरं नव्हतं. खरोखरची असती तर त्यांनी सुरी दुसऱ्या सर्जनच्या हाती दिली असती. पण आमचा दुसरा सर्जन फौजेत गेलेला. मी म्हटलं, साहेब, तुमची लेक खोळंबलीय.

मग साहेबांनी सुरी चालवली. अपेंडिक्स पिकून टच्च झालं होतं, पण फुटायच्या आत सगळंच्या सगळं निघालं.

बाहेर पडताना साहेबांनी मला थांबवलं आणि ‘शी विल लिव्ह’ला मराठीत काय म्हणतात ते विचारलं. दोनदा घोकलं. मग म्हाताऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, “जगेल.” आई तेव्हा कुठे रडली. साहेबांच्या हाताखाली माझी पुष्कळ वर्षं गेली, पण हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

टाके निघाले, पोर हिंडू लागली, आणि तिला परत घ्यायचा दिवस आला. आईने मुठीच्या जागी पदरभर कोंडा आणला. म्हाताऱ्याने स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी साहेबांच्या खांद्यावर घातली, लेकीच्या बापाचा मान म्हणून. साहेबांनी कोंडा घेतला, पण तानीचा हात काही लगेच सोडला नाही. कोंडा आमच्या गाईने खाल्ला. घोंगडी मात्र साहेब थंडीच्या दिवसांत अंगावरून काढत नसत. लढाई संपल्यावर बाप सुखरूप आला. तडक दवाखान्यात येऊन साहेबांना सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, “लेक आपल्या दोघांची हाय, साहेब.”

त्या माणसांचे आणि साहेबांचे माझ्यावर उपकार आहेत. धंदा मला साहेबांनी शिकवला, पण बोललेला शब्द अंगावर कसा घ्यायचा, ते त्या दुपारी म्हाताऱ्याने आणि साहेबांनी मिळून शिकवलं. पुढे मीही अडून बसलेल्या नातेवाइकांना ‘ही माझी असती तर’ असं सांगत आले. पण सांगण्याआधी मनाशी विचारते, पोर पदरात घ्यायची तयारी आहे का? नसेल तर गुपचूप कागद वाचून दाखवते.