देवणीच्या गोठ्यात ॲपची परीक्षा

पहाटे नांदेडला उतरले, तेव्हा फोनमध्ये आमच्या कंपनीचं नवं ॲप होतं. जनावर आजारी पडलं की त्यातून पशुवैद्याला बोलवायचं. लोकांना ते वापरता येतं का, हे शेजारी बसून पाहायचं आणि वहीत टिपायचं, हे माझं काम. नियम एकच, मदत करायची नाही.

लोह्यात एका दूधवाल्या काकांनी पडद्यावरच्या गाईच्या चित्रावर चारदा बोट दाबलं.

"काय होऊन न्हाई राहिलं, बाई."

चित्र नुसतं शोभेचं होतं. मी टिपून घेतलं.

लातूरला मुक्काम केला. सकाळी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) खाऊन देवणीची एसटी धरली आणि बोलण्याच्या नादात एक फाटा अलीकडेच उतरले. तासभर चालत, ॲप वापरून बघायला तयार झालेल्या महादेवीबाईंच्या गोठ्यावर पोचले, तर त्यांची काळी-पांढरी गाय वीत होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "आता डॉक्टर तुमच्या ॲपातूनच बोलावते."

ॲपने नाव विचारलं, गाव विचारलं, मग गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. गाय त्याच कानावर आडवी पडलेली. नंबराशिवाय ॲप पुढे जाईना. मी वहीत लिहीत होते. गाय कण्हली, तशी माझी मलाच लाज वाटली. मी वही खाली ठेवली.

"तुमच्याकडे डॉक्टरांचा नंबर नाही का?"

"हाय की. पाठच हाय."

"मग फोन का नाही केलात?"

"तुमी इतक्या लांबून आल्या. म्हणलं, दोन मिन्टं करून बघावं."

"आधी फोन करा."

डॉक्टर मोटारसायकलवर आले. बाह्या सारून त्यांनी दुमडलेला पाय सरळ केला, आम्ही दोघींनी गाय धरली. थोड्या वेळानं कालवड (गाईचं मादी वासरू) ओल्या अंगानं गवतावर पडली. गाय तिला चाटू लागली आणि महादेवीबाई पदरानं डोळे पुसत हसल्या.

जेवताना मी महादेवीबाईंना विचारलं, ॲपमध्ये काय बदलू?

"आदी डॉक्टर येऊ द्या. मंग काय इचारायचं ते इचारा."

परतीच्या गाडीत अहवाल लिहायला बसले. पहिल्या ओळीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि पुढं फारसं काही सुचेना. इतकी वर्षं लोकांच्या चुका मोजल्या. तीच माणसं आपल्याला सांभाळून घेत असतात, हे कधी मोजलंच नव्हतं.

पुण्यात कंपनीच्या बैठकीत गोठ्यातली हकिगत सांगून ते वाक्य वाचलं. कुणी वाद घातला नाही. ॲपमधला फॉर्म बनवणारी मुलगी एवढंच म्हणाली, "गाय कशी आहे?"

"बरी आहे. कालवड झाली."

तिनं तिथंच लॅपटॉप उघडला आणि बिल्ल्याच्या नंबराचा रकाना शेवटी नेला.